बोससाहेबांचं देणं

न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांना मी कधी पाहिलं नाही. नागपूरच्या उच्च न्यायालयाचं मुख्य न्यायाधीशपद सोडून ते मार्च १९५१ मध्ये दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये बंगलोरला ते वारले, तेव्हा मी नागपूरच्या जिल्हा कोर्टात नवा नवा काळा कोट घालून फिरत होतो. बार रूममध्ये कुणीतरी ती बातमी सांगितली. दोन-चार म्हाताऱ्या वकिलांनी मान हलवली आणि चहा आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला काही विशेष वाटलं नाही. आमच्या घरावर या माणसाचं केवढं देणं आहे, ते कळायला पुढची वकिली जावी लागली.

पारशिवनीत हे कुणाला सांगावं तर पंचाईतच. बोससाहेब म्हटलं की समोरचा विचारतो, ‘कोन, सुभाषबाबू का?’ त्याचं काही चुकत नाही. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ही गावाला दिसणारी वस्तूच नाही. तलाठी दिसतो, तहसीलदार दिसतो, ठाणेदार तर दिसतोच दिसतो. न्यायाधीश दिसला तर तालुक्याचा. त्याच्या वरचे सगळे नुसते कागदावरची सही.

आमच्याकडे बोससाहेब आले ते धुऱ्याच्या भांडणातून. घोगरा महादेवाच्या वाटेवर आमचं थोडं वावर होतं. शेजारच्यानं दरवर्षी नांगराचं एक-एक तास आत घेत धुरा कोरत आणला. बाबांनी हटकलं, तर त्यानं आणि त्याच्या पोरानं मिळून बाबांना काठ्यांनी झोडपलं. वावरात त्या वेळी निंदण करत होत्या आई आणि माझी आत्या. तिसरं माणूस नव्हतं. माझं वय तेव्हा शाळेच्या खालच्या वर्गातलं, साठच्या दशकाचा मध्य असेल. त्या काळी पारशिवनीच्या माणसाला कोर्ट म्हणजे रामटेक. बाबांनी खाजगी फिर्याद केली आणि पेश्या सुरू झाल्या. पेशीच्या दिवशी घरात चूल पहाटेच पेटायची. आई भाकरी बांधून घ्यायची आणि मला आजीजवळ ठेवून दोघं एस.टी. पकडायची.

आमचे वकील रामटेकचेच. घरात त्यांना नुसतं ‘वकीलसाहेब’ म्हणत, मीही तेच म्हणतो. पुढे मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, तेव्हा ती केस त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितली. पक्षकारापेक्षा वकिलाला केस जास्त आठवते. आरोपीच्या वकिलानं आईला उलटतपासणीत पहिलाच प्रश्न टाकला: फिर्यादीची कोण लागता? आई म्हणाली, ‘घरचीच ना जी.’ मग आत्याला विचारलं. तीही घरचीच. युक्तिवाद तिथेच तयार झाला. एक बायको, एक बहीण. दोघी बायामाणसं, दोघी फिर्यादीच्या रक्ताच्या नाहीतर कुंकवाच्या. त्रयस्थ साक्षीदार एकही नाही. जुनं वैर उघड. अशा बयाणावर दोन माणसांना शिक्षा द्यायची?

पण त्याच उलटतपासणीत एक गोष्ट घडली होती. शेजाऱ्याचा थोरला भाऊ आमच्या घराचा खरा वैरी. बाबांचं आणि त्याचं बोलणंही नव्हतं. वकिलानं आईला खोटं पाडण्यासाठी विचारलं, की तोही काठी घेऊन आला होता ना? आई ‘हो’ म्हणाली असती तर लगेच दाखवता आलं असतं, की बाई वैरापायी एकेकाला गुंतवते आहे. आई म्हणाली, ‘नाही जी, तो नव्हता. त्याचं नाव कशाले घेऊ?’

वकीलसाहेबांनी युक्तिवादाला उभं राहून खाकी कागदाचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक उघडलं आणि इंग्रजीतला एक उतारा वाचला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पुस्तक मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. निकाल आमच्या बाजूनं लागला. शिक्षा म्हणजे दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. तेवढ्यासाठी एवढं का धावलो, असं बाबांनाही वाटलं असेल. आईला मात्र दंडाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती शेवटपर्यंत एकच सांगायची: ‘साहेबानं माह्यं आयकलं. बाईमानूस म्हनून उठवून नाही देल्लं.’

त्या पुस्तकातला उतारा होता दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य, १९५३. निकालपत्र लिहिलेलं व्हिव्हियन बोस यांनी. पंजाबातल्या एका गावी दोन माणसं मारली गेली. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदार दोन, मेलेल्यांपैकी एकाची बायको आणि मुलगी. उच्च न्यायालयाला वाटलं, यांच्या बोलण्याला दुसरा पुरावा हवा. बोससाहेबांनी त्यावर लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: साक्षीदार बाया आहेत आणि सात पुरुषांचं नशीब त्यांच्या शब्दावर टांगलेलं आहे, एवढ्यासाठी वेगळा आधार मागायचा असेल, तर तसा कोणताही नियम आम्हाला माहीत नाही. आणि नातं? ज्याचं माणूस मेलं, तो खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्यालाच कशाला अडकवेल? पण ते इथेच थांबले नाहीत. जिथे वैर असतं तिथे खऱ्या गुन्हेगाराबरोबर आणखी एखाद्या निरपराध्याला ओढायची ओढ असते, तेव्हा प्रत्येक केस तिच्या तिच्या तथ्यांवर पाहा, हेही त्यांनी लिहून ठेवलं. पुढच्या पिढ्यांतले वकील या निकालाचा पहिला अर्धा भाग मोठ्यानं वाचतात आणि दुसरा गिळतात. वकीलसाहेबांनी दोन्ही वाचले होते, कारण दुसऱ्या भागाचं उत्तर आईनं ‘तो नव्हता’ म्हणून आधीच देऊन ठेवलं होतं.

दिल्लीत लिहिलेलं निकालपत्र, माणसं पंजाबातली. मग मी याला नागपूरचं देणं का म्हणतो? कारण माझी पक्की समजूत आहे, की असे निकाल सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर सुचत नाहीत. ते त्याआधीच्या नोकरीत, खालच्या कोर्टांचे कागद वाचता वाचता, माणसात मुरतात. बोससाहेबांची ती नोकरी नागपुरात झाली.

त्यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस. बंगालमधून नागपूरला येऊन वकिलीत नाव काढलेले, आणि १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हाचे पहिले कुलगुरू. नातू १८९१ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी डलिच आणि मग केंब्रिजचं पेम्ब्रोक कॉलेज. १९१३ मध्ये मिडल टेम्पलमधून बॅरिस्टर होऊन ते नागपूरला आले. वकिली केली, १९२० च्या दशकात लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले, मग सरकारी वकील. तोवर नागपूरला होतं ते ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट. जानेवारी १९३६ मध्ये त्याचं उच्च न्यायालय झालं. सर गिल्बर्ट स्टोन मुख्य न्यायाधीश, आणि पहिल्या फळीत ग्रिल, पोलॉक, ग्रुअर, भवानीशंकर नियोगी आणि व्हिव्हियन बोस. स्टोन यांच्यानंतर ग्रिल आणि १९४९ मध्ये बोस मुख्य न्यायाधीश झाले. बोस यांच्यानंतर भुवनेश्वर प्रसाद सिन्हा आणि मग हिदायतुल्ला. शेवटचे दोघे पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. पुरतं एकवीस वर्षांचंही आयुष्य न लाभलेल्या न्यायालयाला ही कमाई कमी नाही. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबईकडे आला. उच्च न्यायालय गेलं आणि त्या जागी खंडपीठ राहिलं.

इमारत तीच आहे. मेड नावाच्या वास्तुविशारदानं आखलेली. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जानेवारी १९४० मध्ये तिचं उद्घाटन केलं आणि तिला दगडातली कविता म्हटलं. व्हाइसरॉय असलं काही म्हणतच असतात. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत सिव्हिल लाइन्समधून चालत आलेल्या वकिलाला तिथले व्हरांडे कवितेपेक्षा जास्त प्रिय असतात. पण तिथे गेलं की मला एक विचार चुकत नाही. रायपूर, बिलासपूर, जबलपूर, सागर, वऱ्हाड, भंडारा, चांदा, इतक्या दूरच्या गावांचे खून, वाटण्या, दत्तकविधानं, जंगलचोऱ्या यांच्या फायली अकरा वर्षं याच खोल्यांत बोससाहेबांच्या टेबलावरून गेल्या. आणखी एक. त्यांच्या पत्नी आयरीन या जॉन मॉट या अमेरिकन मिशनरी पुढाऱ्याच्या कन्या. मॉट यांना १९४६ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आयरीनबाईंनी १९३३ मध्ये ‘तोताराम’ नावाचं एक पुस्तक लिहिलं, एका खेड्यातल्या पोराची गोष्ट. न्यायाधीशाच्या जेवणाच्या टेबलावर खेडं असणं ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे.

लॉ कॉलेजला असताना मी संध्याकाळी काँग्रेसनगरला एआयआरमध्ये मुद्रितं तपासायला जायचो. देशभरातली कोर्टं ज्या निकालांच्या आधारे चालतात, ते ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ नागपुरातून निघतं, याचा नागपूरकरांना काही अभिमान दिसत नाही, संत्र्याचा असतो. शिशाच्या अक्षरांचा वास, जस्टिस लोकांची लांबलचक वाक्यं, आणि स्वल्पविराम शोधता शोधता डोळे मिटायला लागलेले. जुने खंड तिथेच हाताशी असायचे. कंटाळा आला की मी बोस काढायचो. त्यांची वाक्यं आखूड. एखादी गोष्ट म्हणायची असेल तर माणूस म्हणतो तशी म्हणायची. इंग्रजी माध्यमाचा गंध नसलेल्या, पारशिवनीच्या शाळेतून आलेल्या पोराला समजतं ते इंग्रजी वाईट असू शकत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. माझं इंग्रजी मी त्यांच्याकडून शिकलो. फी न देता.

त्या खंडांत एआयआर १९४७ नागपूर, पान पहिलं. भगवतीचरण शुक्ल यांची केस, छापलेल्या मजकुराबद्दलची, इंग्रज अजून जायचे होते तेव्हाची. एखाद्या लेखानं समाज पेटेल की नाही हे कुणाच्या नजरेनं ठरवायचं? बोससाहेबांचं उत्तर असं, की समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेनं. ज्याला प्रत्येक उलट शब्दात धोका दिसतो अशा भित्र्या, डळमळत्या माणसाच्या नजरेनं नव्हे. चाळीस वर्षांनी ‘तमस’ मालिका दूरदर्शनवर दाखवू नये म्हणून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा १९८८ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी हीच मोजपट्टी उचलली. जेम्स लेनच्या पुस्तकावरून महाराष्ट्र तापला होता, त्या खटल्याच्या २००७ च्या निकालातही तीच. नागपूर हायकोर्ट जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

मी कॉलेजात असतानाच आणीबाणी आली. स्थानबद्धांच्या अर्जांवर देशातल्या ज्या उच्च न्यायालयांनी सरकारला नाही म्हणायची हिंमत दाखवली, त्यांत आमचं नागपूर खंडपीठ होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये ते सगळे निकाल फिरवले. त्या दिवसांत आमच्यातलं एक पोरगं बोससाहेबांची १९५१ ची भिन्नमतं शोधून घेऊन आलं. राज्यघटनेला जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, स्वतः दिल्लीला नुकतेच पोहोचलेले, आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या खटल्यांत बाकीच्यांपासून वेगळे होऊन हे गृहस्थ म्हणतात, की शंकेला जागा असेल तर कौल माणसाच्या स्वातंत्र्याकडे जायला हवा. ‘रामसिंग विरुद्ध दिल्ली’मध्ये महाजन आणि बोस एका बाजूला, बाकी तिघे दुसऱ्या बाजूला. हरलेलं मत. आम्ही ते हातानं उतरवून काढलं होतं. पुढे त्या कागदाचं काय झालं, आता आठवत नाही.

विदर्भानं दिल्लीपर्यंत त्यांचा पिच्छा पुरवला, असंही मला गमतीनं वाटतं. गोंदियाला १९४९ मध्ये पाच वर्षांच्या पोराचा खून झाला. त्या कश्मीरासिंगच्या खटल्यात, एका आरोपीच्या कबुलीवर दुसऱ्याला फासावर चढवता येत नाही, आधी बाकीचा पुरावा स्वतंत्रपणे तोलायचा, हे त्यांनी १९५२ मध्ये घालून दिलं. १९५४ मध्ये भंडाऱ्याची निवडणूक समोर आली. जसानी हे निवडून आलेले उमेदवार सरकारला विड्या पुरवणाऱ्या कंपनीचे भागीदार. तेवढ्यानं ते अपात्र ठरले. पण खरा पेच दुसरा होता. गंगाराम ठवरे हे महार, पण महानुभाव पंथात गेलेले. मग राखीव जागेसाठी ते महार राहिले की नाही? केंब्रिजहून आलेल्या बंगाली बॅरिस्टरला महानुभाव म्हणजे काय, हे आमच्या विदर्भातल्या माणसाइतकं कोण समजावून सांगणार! पण त्यांनी प्रश्न अगदी जमिनीवर आणून सोडवला. जुन्या जातीनं त्यांना बाहेर टाकलं का? त्यांनी स्वतः जात सोडली असं वागून दाखवलं का? नव्या पंथाचा नियम काय म्हणतो? उत्तर निघालं, की ते महारच आहेत. त्याच वर्षी भंडाऱ्याला पोटनिवडणूक झाली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि पडले. बोससाहेबांनी निकाल लिहिला तेव्हा हे पुढचं पान त्यांना कुठून दिसणार?

पुढे पारशिवनीला तालुक्याचं कोर्ट आलं आणि मी नागपूर आणि गाव अशा दोन्हीकडे उभा राहू लागलो. आमचं तालुक्याचं कोर्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. कन्हान बाजूचे लोक कोळसा खाणीचे, त्यांचे दावे वेगळे. वर नवेगाव खैरीकडची, पेंचच्या जंगलाला लागून असलेली गावं, त्यांची दुनिया वेगळी. तिकडून निघालेला माणूस पावसाळ्यात नाला उतरायची वाट पाहत बसतो आणि कोर्टात पोहोचतो तोवर त्याचं नाव पुकारून झालेलं असतं. रोजनाम्यावर लिहिलेलं असतं: प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी. पुढच्या पेशीला तो हात जोडून उभा राहिला, की समोरचा वकील म्हणतो, याला आता बोलायचा हक्क नाही.

त्याला उत्तर बोससाहेबांनी १९५५ मध्ये दिलेलं आहे, संग्रामसिंग विरुद्ध कोटा निवडणूक न्यायाधिकरण या केसमध्ये. एका तारखेला एकतर्फी झालं म्हणून माणूस त्या दाव्यातून कायमचा हाकलला जात नाही. पुढच्या तारखेला तो आला तर तिथून पुढे त्याला भाग घेऊ द्यायचाच. मागचं पुसायचं असेल तर सबळ कारण दाखवा, तो वेगळा अर्ज. दिवाणी कार्यपद्धती ही न्याय मिळणं सोपं व्हावं म्हणून केलेली आहे, लोकांना अडखळून पाडायला मांडलेला सापळा नव्हे, आणि कुणाचंही ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध ठरवायचं नाही, हा तिचा गाभा. हा निकाल मी किती पक्षकारांसाठी वाचला याचा हिशेब ठेवलेला नाही. कोर्टातला बेलिफसुद्धा मला पाहून म्हणायचा, ‘आज संग्रामसिंग का साहेब?’ एकदा एका तरुण न्यायाधीशांनी पुस्तक न मागता अर्ज मंजूर केला आणि हसून म्हणाले, ठेवा ते आत. त्या दिवशी ज्याला बोलायला मिळालं त्या म्हाताऱ्या गोंडाला संग्रामसिंग कोण आणि बोस कोण हे माहीत नव्हतं. त्यानं कुंवारा भिवसेन देवाला नारळ फोडला. माझ्या मते त्याचंही बरोबर होतं.

आता कडू भाग. देणं म्हटलं की फक्त मिळालेलं सांगायचं, असा रिवाज आहे. मला तो मान्य नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडईची जत्रा भरते. रात्री खडी गंमतीचं लोकनाट्य रंगात आलेलं, आणि पैशाच्या जुन्या व्यवहारावरून दोन पोरांचं वाजलं. एक घरी गेला, सुरी घेऊन आला आणि दुसऱ्याच्या पोटात एक वार केला. नागपूरला नेता नेता तो पोरगा गेला. सुरीवाल्याचं वकीलपत्र माझ्याकडे आलं. त्याचा बाप माझ्या घरच्या ओट्यावर बसून एकच घोकायचा: ‘एकच वार केला ना जी पोट्ट्यानं. मारायचं असतं तर दुसरा नसता केला का?’ मी सेशन कोर्टात हेच नीट कायद्याच्या भाषेत मांडलं. सरकारी वकील उठले आणि त्यांनी विरसासिंग काढलं.

विरसासिंग विरुद्ध पंजाब राज्य, ११ मार्च १९५८. बोससाहेब १९५६ मध्ये निवृत्त झाले होते, पण खटले तुंबले म्हणून त्यांना पुन्हा बोलावून बाकावर बसवलं होतं. त्या काळातला हा निकाल. त्यातही भाल्याचा एकच वार, पोटात. त्यांनी खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम ३०० च्या तिसऱ्या भागाची उकल अशी केली: जखम कोणती ते पाहा; ती जखम तिथेच करायची होती, अपघातानं किंवा चुकून झाली नाही, हे पाहा; आणि मग एवढंच पाहा, की अशी जखम सामान्यतः जीव घ्यायला पुरेशी असते का. जीव घ्यायचा हेतू होता का, हा प्रश्न इथे उरतच नाही. गावातल्या माणसाच्या मनातला सगळा बचाव ‘मारायचं नव्हतं’ या दोन शब्दांत असतो, आणि नेमका तोच या निकालानं काढून घेतला. मी अचानक झालेल्या भांडणाचा अपवाद मांडला. न्यायाधीशांनी विचारलं, सुरी आणायला तो घरी गेला होता ना? जन्मठेप झाली. हायकोर्टानंही ती कायम केली.

त्या दिवशी बोससाहेब माझ्या विरुद्ध बाकावर बसलेले होते. एआयआरच्या मुद्रितांपासून मला पाठ असलेला परिच्छेद न्यायाधीशांच्या तोंडून माझ्या पक्षकाराच्या बापाला ऐकवला जात होता, आणि त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बाहेर आल्यावर मला ते मराठीत सांगावं लागलं. तो म्हणाला, ‘मंग मनातलं कोनीच नाही पाहत का?’

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नियम कडक आहे, पण खोटा नाही. पोटात सुरी घालायची आणि मग म्हणायचं, मला थोडीशीच घालायची होती, हे कायद्यानं किती वेळ ऐकत बसायचं? मेलेल्या पोराची आईही त्याच कोर्टात बसलेली होती. तिच्याकडून उभा असतो तर मी विरसासिंगच वाचला असता. तरीही आरोपीचा वकील म्हणून मी तो निकाल अजून मनापासून स्वीकारलेला नाही. ज्या हातानं माझ्या आईचं बयाण उचलून धरलं, त्याच हातानं हेही लिहिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी चौकशीची कामं केली. दालमिया-जैन कंपन्यांची चौकशी मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती तेंडोलकर करत होते. ते वारल्यावर ती बोस यांच्याकडे आली आणि आयोगाला त्यांचंच नाव चिकटलं. आयुर्विमा महामंडळाच्या मुंधडा प्रकरणातल्या अधिकाऱ्यांची चौकशीही त्यांनी केली. त्या अहवालावरून पंतप्रधान नेहरू १९५९ मध्ये पत्रकार परिषदेत चिडून त्यांच्या अकलेबद्दल काहीतरी बोलून गेले. कलकत्त्याच्या वकिलांनी निषेधाचा ठराव केला. नेहरूंनी पत्र लिहून माफी मागितली, आणि बोससाहेबांनी ती मोठ्या मनानं घेतली. वकीलसाहेब ही गोष्ट सांगताना शेवटी नेहमी म्हणायचे, माफी मागणारा मोठा की देणारा, हे तू ठरव. मला दोघंही आताच्यापेक्षा बरे वाटतात. वकीलसाहेब तसे जुन्या काळाचे फार भक्त होते. मी नाही.

वकीलसाहेब थकले तेव्हा त्यांनी त्यांचं खाकी कव्हरचं पुस्तक आणि नागपूर मालिकेचे सगळे खंड बंडीत घालून माझ्याकडे पाठवले. पाठवताना निरोप एवढाच: ‘वाळवीचं औषध टाकत जा.’ आई तेव्हा होती. मी तिला ते पान उघडून दाखवलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘यात माह्यं नाव आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग ठीक,’ ती म्हणाली, आणि तूर निवडायला बसली.

आता ते खंड मी तालुक्यातल्याच एका मुलीला देतो आहे. पारशिवनीच्या कोर्टात ती नवी उभी राहिली आहे. तिला पुस्तकांची गरज नाही. सगळं तिच्या मोबाइलमध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यानं कलमांचे आकडे बदलले, खुनाची व्याख्या ३०० ची १०१ झाली, शिक्षा ३०२ ची १०३ झाली. मला अजून जुनेच आकडे तोंडात येतात आणि ती सुधारते. विरसासिंग तिला पटत नाही आणि ती माझ्यापेक्षा चांगलं भांडते. परवा तिच्याकडे मारहाणीची एक केस आली, साक्षीदार सासू आणि सून. मी दलीपसिंगचं पान काढून दिलं. तिनं ते बसून पूर्ण वाचलं आणि म्हणाली, ‘सर, साक्ष त्या मायलेकींनी दिली. मग केसला नाव दलीपसिंगचं का?’

मी म्हटलं, अपील आरोपीनं केलं होतं. अपील करणाऱ्याचं नाव आधी लागतं.

‘ते माहीत आहे सर,’ ती म्हणाली, आणि झेरॉक्स काढायला गेली. साडेदहाला पुकारा होता.